घरी दुकान असताना नोकरी कशाला? : बँकेच्या मुलाखतीतला खरा प्रश्न

पेढीवर वाढलेल्या मुलाला माणूस पारखण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. समोर आलेले गिऱ्हाईक उधारी फेडणारे की बुडवणारे, नव्याने ठेवलेला मुनीम हिशेबाला पक्का की कच्चा, आडत्याने सांगितलेला भाव खरा की चढवलेला, हे तो आजोबांच्या शेजारी बसून लहानपणापासून पाहत आलेला असतो. हाच मुलगा किंवा याच घरातील मुलगी बँकेतील अधिकारीपदाच्या मुलाखतीला जाते, तेव्हा मात्र बाजू बदलते. आता पारखणारे टेबलापलीकडे असतात आणि पारख स्वतःची व्हायची असते. घरात हा अनुभव कोणालाच नसतो. वडिलांनी, काकांनी, आजोबांनी कधी मुलाखत दिलेलीच नसते. त्यांनी फक्त माणसे ठेवलेली असतात.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण एके काळी व्यापारी घरांतून अभिमानाने सांगितली जात असे. आज त्याच घरांतील मुले-मुली वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बँकांच्या परीक्षा देताना दिसतात. एका दुकानावर तीन भावांची कुटुंबे चालणे कठीण झाले आहे. मॉल आणि ऑनलाइन विक्री यांनी किरकोळ धंद्याचा नफा घटवला आहे. शिवाय मुलींनाही स्वतःची कमाई हवी आहे आणि ती इच्छा योग्यच आहे. लेखी परीक्षेत ही मुले मागे पडत नाहीत, कारण आकडेमोड त्यांच्या अंगात मुरलेली असते. अडचण येते ती मुलाखतीत, आणि तीही बहुधा एकाच प्रश्नापाशी. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी निवडीचा हिशेब समजून घेणे इष्ट ठरेल.

मुलाखतीच्या गुणांचा हिशेब

केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत लिपिकाच्या पदालाही आता मुलाखत नाही. अधिकारीपदाला मात्र ती आहे. स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. उरलेल्या ११ सार्वजनिक बँकांच्या परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांची निवड आयबीपीएस या संस्थेमार्फत होते. या निवडीत पूर्व परीक्षा केवळ चाळणीसाठी असते. अंतिम यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या गुणांवर ठरते आणि त्यांचे प्रमाण ८०:२० असे असते. मुलाखत १०० गुणांची असून तीत किमान ४० टक्के गुण मिळवावे लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ३५ टक्के आहे. तपशिलात वेळोवेळी बदल होतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.

व्यापाऱ्याला उदाहरणाने गोष्ट लवकर पटते. समजा, पहिल्या उमेदवाराला मुख्य परीक्षेत ५० टक्के गुण आहेत. त्याचे ८० पैकी ४० झाले. मुलाखतीत त्याला १०० पैकी ४० मिळाले, म्हणजे २० पैकी ८. एकूण ४८. दुसऱ्याला मुख्य परीक्षेत ४७ टक्के, म्हणजे ३७.६०. मुलाखतीत त्याने ६५ मिळवले, म्हणजे १३. एकूण ५०.६०. लेखी परीक्षेत तीन टक्क्यांनी मागे असलेला उमेदवार यादीत अडीच गुणांनी पुढे गेला. या यादीत एका गुणाच्या आत अनेकजण दाटीने उभे असतात, तेव्हा अडीच गुण म्हणजे पुष्कळ झाले. खुल्या गटातील उमेदवाराला मुलाखतीत ४० पेक्षा कमी मिळाले, तर लेखी परीक्षेतील सारी कमाई वाया जाते. हा हिशेब एवढ्यासाठी मांडला की 'मुलाखत म्हणजे नुसता उपचार' असे समजणारी घरे अजूनही आहेत.

खुर्चीत बसण्यापूर्वीची परीक्षा

मुलाखतीच्या दिवशी पहिली गाठ पडते ती कागदपत्रे तपासणाऱ्याशी. येथे व्यापारी कुटुंबांचा एक विशेष घोटाळा असतो, तो नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव 'जैन', आधार कार्डावर मूळ कुळाचे आडनाव, पॅन कार्डावर वडिलांच्या नावापुढे 'कुमार' किंवा 'लाल' आणि पदवीच्या कागदावर ते गायब. विवाहित मुलीच्या बाबतीत तर माहेर आणि सासर अशी दोन नावे दोन कागदांवर असतात. घरात याचे कोणाला काही वाटत नाही. तपासणाऱ्याला मात्र हा एकच माणूस आहे की दोन, हे कागदावरूनच ठरवावे लागते. राजपत्रातील नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी जे लागेल ते अर्ज भरण्यापूर्वीच तयार ठेवावे. मुलाखतीचे पत्र हाती पडल्यानंतर तेवढा वेळ उरत नाही.

दुसरी बाब आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राची. १०३ व्या घटनादुरुस्तीने २०१९ मध्ये दिलेल्या या १० टक्के आरक्षणासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. त्यात धंद्याचे उत्पन्नही धरले जाते. अनेकांना ठाऊक नसते ती पुढची अट : उत्पन्न कमी असले तरी कुटुंबाच्या नावे १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा निवासी फ्लॅट, ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन, अथवा अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात १०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड असल्यास हा लाभ मिळत नाही. प्रमाणपत्र ठरलेल्या आर्थिक वर्षाचे आणि केंद्राच्या नमुन्यातीलच हवे. पात्रता नसताना ते जोडले, तर पुढे नोकरी लागल्यावरही ती जाऊ शकते. जी गोष्ट खतावणीत टिकणार नाही ती अर्जातही घालू नये.

तिसरी बाब दुकानात घालवलेल्या वर्षांची. पदवीनंतर एक-दोन वर्षे वडिलांबरोबर दुकानात काढलेली मुले अर्जात तो काळ कोरा ठेवतात किंवा 'परीक्षेची तयारी' असे लिहितात. त्यांना वाटते, पगारपत्रक नाही म्हणजे अनुभव नाही. वेतनाची नोकरी केली असे भासवू नये, हे खरे. परंतु 'कौटुंबिक व्यवसायात खरेदी व हिशेब पाहिला' हे सत्य लपवण्याचेही कारण नाही. मुलाखत मंडळाला त्या कोऱ्या जागेतच अधिक रस असतो.

पहिली पाच मिनिटे

पोशाख, अभिवादन, बसण्याची रीत यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. थोडक्यात सांगायचे तर कपडे साधे, स्वच्छ आणि आधी एकदा घालून पाहिलेले असावेत. अंगावर अत्तर, बोटांत अंगठ्या आणि मनगटात जाड साखळी नसावी. ज्या कर्जदाराच्या अंगावर दागिने अधिक, त्याचा ताळेबंद अधिक बारकाईने पाहावा, असे बँकेत गमतीने म्हटले जाते आणि उमेदवाराच्या बाबतीतही मंडळाची नजर फारशी वेगळी नसते. आत गेल्यावर सर्वांना नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडे पाहून बोलावे, पण इतर सदस्यांनाही विसरू नये. इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही भाषांत उत्तरे देता येतात. तोडक्यामोडक्या इंग्रजीचा अट्टहास करण्यापेक्षा नीट हिंदी केव्हाही बरी.

व्यापारी घरातील मुलांना एका सवयीपासून मात्र सावध राहावे लागते. गिऱ्हाइकाचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच 'हो, आहे, दाखवतो' म्हणण्याचा चटपटीतपणा दुकानात गुण ठरतो. मुलाखतीत तोच उतावळेपणा वाटतो. प्रश्न पूर्ण ऐकावा, क्षणभर थांबावे, मग बोलावे.

तो एक प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्जात वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' असा दिसला की मंडळातील कोणीतरी चष्मा सारखा करून विचारतो, "घरी चांगला धंदा आहे, मग नोकरी कशाला?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे बँकेची खरी काळजी असते. नव्या अधिकाऱ्याला घडवण्यात बँकेचा वेळ आणि पैसा खर्च होतो. दोन वर्षांत तो राजीनामा देऊन गादीवर जाऊन बसला, तर तो खर्च बुडीत खाती जातो. म्हणूनच अनेक बँका रुजू होताना ठराविक वर्षांच्या सेवेचे बंधपत्र घेतात. 'तू टिकशील का?' हा खरा प्रश्न आहे. दुसरी शंका याहून नाजूक असते. धंदेवाईक घरातील मुलगा बँकेत येऊन आपल्या माणसांची सोय तर पाहणार नाही ना?

या प्रश्नाला तीन ठरावीक उत्तरे दिली जातात आणि तिन्ही फसतात. 'धंद्यात आता काही राहिले नाही' हे पहिले. यात वडिलांच्या आयुष्यभराच्या मेहनतीचा अवमान होतो. शिवाय ज्याला धंद्यात काही राहिले आहे असे वाटत नाही, तो उद्या धंद्यासाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहील, असा विचार मंडळाच्या मनात येतो. 'नोकरीत सुरक्षितता आहे' हे दुसरे. ते खरे असले तरी त्यातून भीती दिसते. तिसरे उत्तर 'देशसेवा करायची आहे' हे. ते पाठ केलेले असते, आणि त्यावर एक पुरवणी प्रश्न आला की उमेदवार अडखळतो.

चांगले उत्तर क्लासमध्ये मिळत नाही. ते घरातून शोधून काढावे लागते. उमेदवाराने आधी स्वतःलाच विचारावे की बँकेचा आणि माझा पहिला संबंध कधी आला? बहुतेकांना आठवेल, वडिलांच्या कॅश क्रेडिट खात्याचे मासिक स्टॉक स्टेटमेंट भरताना. कोणाला आठवेल, नोटाबंदीच्या दिवसांतली रांग. कोणाला आठवेल, शेजारच्या दुकानदाराने खासगी सावकाराकडून शेकडा दीड टक्क्याने घेतलेले पैसे आणि नंतर त्याच्या दुकानाला लागलेले कुलूप. यातून उत्तर तयार होते. ते साधारण असे असू शकेल : "साहेब, आमचे धान्याचे दुकान आहे आणि ते माझा मोठा भाऊ पाहतो. मी दोन वर्षे दुकानाचे बँकेचे काम पाहिले. एकाच गल्लीतील दोन दुकानांपैकी एकाला वेळेवर कर्ज मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, तर दहा वर्षांनी त्यांच्यात किती अंतर पडते, हे मी पाहिले आहे. ते कर्ज कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे ठरवण्याचे काम मला करायचे आहे." या उत्तरात वडिलांविषयी आदर आहे, दुकान कोण पाहणार याचा खुलासा आहे आणि बँकेचे काम कोणते हेही आलेले आहे. अर्थात हे शब्द कोणी पाठ करू नयेत. प्रत्येक घराची गोष्ट निराळी असते, आणि उसनी गोष्ट दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडते.

पेढीवरचे ज्ञान बँकेच्या भाषेत

असे उत्तर दिल्यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "स्टॉक स्टेटमेंट भरत होता म्हणता, मग ड्रॉइंग पॉवर कशी काढतात ते सांगा." पुस्तकी उमेदवार येथे व्याख्या सांगतो. दुकानातला मुलगा हिशेब मांडू शकतो. दुकानात २० लाखांचा माल आहे, त्यातील ५ लाखांचा माल उधारीवर आणलेला आहे. म्हणजे स्वतःच्या पैशाचा माल १५ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन वजा केले की ११.२५ लाख उरतात. येणे ८ लाख असून ते ९० दिवसांच्या आतील आहे. त्यावर ४० टक्के मार्जिन धरले तर ४.८० लाख. एकूण १६.०५ लाख. पण मंजूर मर्यादा १५ लाखांची असेल, तर उचल १५ लाखांच्या वर करता येणार नाही. मार्जिनचे दर बँकेप्रमाणे आणि कर्जाप्रमाणे बदलतात, रीत हीच. हे ज्याने प्रत्यक्ष केले आहे त्याच्या आवाजात आपोआप एक ठामपणा येतो, आणि पाहणाऱ्यांवर पडणारा प्रभाव म्हणतात तो हाच.

व्याजाचेही तसेच. बाजारात 'शेकडा दीड' म्हटले की महिन्याला दीड टक्का, वर्षाला १८ टक्के. ते न फेडता दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेले तर वर्षाअखेर सुमारे १९.५६ टक्के होतात. सरळ आणि चक्रवाढ व्याजातील हा फरक व्यापाऱ्याच्या मुलाला तोंडी सांगता आला पाहिजे. उधारी ९० दिवसांच्या पुढे गेली की वडिलांच्या कपाळावर आठी का पडते, हे ज्याने पाहिले त्याला कर्जखाते ९० दिवस थकल्यावर अनुत्पादक का ठरते, हे पाठ करावे लागत नाही.

व्यापाराशी निगडित कायद्यांचे थोडे ज्ञानही हवे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, परंतु तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. आयकर कायद्यात आलेल्या ४३ ब (एच) या तरतुदीमुळे सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावी लागतात, अन्यथा त्या वर्षी तो खर्च वजावटीस मिळत नाही. २०२४ च्या आरंभी बाजारपेठांत या कलमाची मोठी चर्चा होती. तिचा विषय निघाला आणि व्यापाऱ्याच्या मुलाला काही सांगता आले नाही, तर त्याने दुकानात खरोखर काय पाहिले, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

गावच्या बाजारपेठेचा प्रश्न तर हमखास येतो. सांगलीच्या उमेदवाराला हळद आणि तासगावचा बेदाणा, लासलगावच्या उमेदवाराला कांद्याचा लिलाव, जळगावच्या मुलीला केळी आणि सराफ बाजार, जालन्याच्या मुलाला पोलाद आणि बियाणे, सोलापूरकराला चादर आणि टॉवेल, लातूरकराला डाळ गिरण्या आणि सोयाबीन यांविषयी विचारले जाते. नुसते 'प्रसिद्ध आहे' म्हणून भागत नाही. माल कोठून येतो, कोठे जातो, पैसा किती दिवस अडकतो, हंगाम कोणता, बँकेचे कर्ज यात कोठे बसते, हे सांगता आले पाहिजे. यासाठी पुस्तक नको. एक सकाळ मार्केट यार्डात आडत्याच्या शेजारी बसून काढली तर पुरते.

अवघड प्रश्न

कधी एखादा सदस्य मुद्दाम बोचरा प्रश्न टाकतो. "तुमच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल देता का हो?" उमेदवाराचा चेहरा पडतो. वडिलांना दोष द्यावा की खोटे बोलावे? या ठिकाणी मंडळाला वडिलांच्या वह्या तपासायच्या नसतात. स्वतःच्या माणसांविषयी बोलण्याची वेळ आली की हा उमेदवार खऱ्याला धरून राहतो का, एवढेच पाहायचे असते. जेवढे स्वतः पाहिले तेवढेच सांगावे. जे ठाऊक नाही त्याची ग्वाही देऊ नये. आणि जे खरे नाही ते वडिलांच्या प्रेमापोटीही बोलू नये.

त्याच्या पुढचा प्रश्न असा असतो : "उद्या तुमच्या काकांचाच कर्जाचा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर?" येथे 'नियमाप्रमाणे करीन' हे उत्तर अपुरे आहे, कारण नियम काय सांगतो हेच विचारले आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कोणताही अधिकारी आपल्या नातलगाचे कर्ज स्वतः मंजूर करू शकत नाही. ते वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणून सरळ उत्तर असे की नाते आधी वरिष्ठांना सांगेन, फाईल त्यांच्याकडे देईन आणि काकांना तसे कळवीन. यातील शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. बँकेतील प्रामाणिकपणाची खरी किंमत बऱ्याचदा नातेवाइकांच्या नाराजीतच मोजावी लागते, आणि ती द्यायची तयारी मंडळाला पाहायची असते.

ज्याचे उत्तर येत नाही तेथे 'माहीत नाही, साहेब' म्हणावे. दुकानात नसलेला माल आहे म्हणून सांगणारा आणि मग शेजाऱ्याकडून आणून देणारा दुकानदार एखाद्या वेळी निभावून जातो. मुलाखतीत शेजारी नसतो. एका सदस्याला खोटे उत्तर उमगले की पुढची खरी उत्तरेही संशयाने ऐकली जातात.

घराने आधी घ्यायचा निर्णय

काही प्रश्नांची उत्तरे उमेदवाराच्या हाती नसतात, ती घराच्या हाती असतात. सार्वजनिक बँकेतील अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकते. ग्रामीण शाखेत काम करावे लागते. "आसामात किंवा बिहारच्या खेड्यात पाठवले तर जाल?" असे विचारल्यावर तोंडाने 'हो' म्हणणारा उमेदवार आणि मनात आईचा चेहरा आठवणारा उमेदवार एकच असतो, आणि ते अंतर चेहऱ्यावर दिसते. घरात या विषयावर स्पष्ट बोलणेच झालेले नसते. वडिलांना वाटते, आधी लागू तर दे, मग बदलीचे पाहू. आईला वाटते, नाहीच जाऊ द्यायचे. या अनिश्चिततेचे ओझे घेऊन मुलगा खुर्चीत बसतो आणि उत्तर अडखळते.

मुलींच्या बाबतीत हा पेच अधिक मोठा आहे. 'लग्नानंतर नोकरी सोडाल का?' हा प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही, मुलीला तो कधी आडवळणाने, कधी उघड विचारला जातो. तो विचारणे योग्य की अयोग्य, यावर खुर्चीत बसून वाद घालण्यात अर्थ नसतो. "ही नोकरी मी लग्नापर्यंतची सोय म्हणून मागत नाही, बदलीची अट वाचून अर्ज केला आहे," एवढे शांतपणे सांगितले की पुरे. पण हे शांतपणे सांगता यावे, यासाठी घरानेही ते मनापासून मान्य केलेले असावे लागते. स्थळे पाहताना 'नोकरी ऐच्छिक' असे कळवायचे आणि मुलाखतीत 'आयुष्यभर करीन' असे सांगायचे, या दोन वह्या जुळत नाहीत.

जेवणाच्या नियमांचेही तसेच. सूर्यास्तानंतर न जेवणारा, कंदमुळे न खाणारा उमेदवार परगावी कसा राहणार, अशी शंका मंडळातील कोणी बोलून दाखवली, तर संकोचण्याचे वा चिडण्याचे कारण नाही. "तो माझा नेम आहे आणि त्याची सोय मी करीन, शाखेच्या कामाला त्यामुळे अडथळा येणार नाही," हे उत्तर पुरेसे आहे. मात्र ते देणाऱ्याला स्वतःचा स्वयंपाक करता आला पाहिजे. मुलाखतीच्या तयारीत मुलांना चार भाज्या आणि खिचडी शिकवणे हेही येते, आणि ते मुलींइतकेच मुलांनाही लागू आहे.

ओळख नको

व्यापारी कुटुंबांचा एक स्वभाव आहे. काम अडले की ओळख शोधायची. बाजारात ओळखीवर माल मिळतो, उधारी मिळते, त्यात गैर काही नाही. भरतीत मात्र ओळख लावणे हीच अपात्रता ठरते. कोणत्याही मार्गाने शिफारस वा दबाव आणणारा उमेदवार बाद होतो, असे जाहिरातीतच छापलेले असते. 'साहेबांशी बोललो आहे, इतके द्या, काम होईल' असे सांगणारे दलालही याच काळात फिरतात. त्यांची युक्ती व्यापाऱ्याने तरी ओळखावी. दहा मुलांकडून पैसे घ्यायचे, त्यांतील दोन-तीन स्वतःच्या गुणांवर निवडले जातात, त्यांचे पैसे ठेवायचे आणि उरलेल्यांना तारखा देत राहायचे. भांडवलाशिवायचा हा धंदा आहे. त्यात पैसा जातोच, पण मुलाने आपल्या बळावर मिळवलेल्या यशावरही कायमचा डाग पडतो.

त्यापेक्षा ओळखीचा उपयोग घरच्या सरावासाठी करावा. गावात एखादा निवृत्त बँक व्यवस्थापक, सनदी लेखापाल, महाविद्यालयातील शिक्षक असतोच. त्यांना एका रविवारी बोलवावे, मुलाला समोर बसवावे आणि वीस मिनिटे खरेखुरे प्रश्न विचारू द्यावेत. आई-वडिलांनी त्या खोलीत थांबू नये. घरच्यांसमोर मूल एक तर लाजते, नाही तर फुशारते. सराव झाल्यावर कौतुक कमी आणि चुका अधिक सांगाव्यात अशी विनंती त्या मंडळींना आधीच करून ठेवावी.

निकाल काहीही लागो

निवड झाली तर कनिष्ठ श्रेणीतील अधिकाऱ्याला आजच्या वेतनकरारानुसार ४८,४८० रुपये मूळ वेतन आणि त्यावर भत्ते मिळतात. दुकानाच्या चांगल्या महिन्याशी तुलना केली तर काहींना ते थोडे वाटेल, वाईट महिन्याशी केली तर पुष्कळ वाटेल. ही तुलना घराने अर्ज करण्यापूर्वीच एकदा करून मिटवून टाकावी.

निवड झाली नाही तर मुलाखत वाया गेली असे समजू नये. घरचा धंदा बँकेच्या नजरेने कसा दिसतो, हे त्या मुलाला किंवा मुलीला तयारीत प्रथमच कळलेले असते. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर का द्यावे, येणी का लांबू देऊ नयेत, घरखर्च आणि दुकानखर्च एकाच गल्ल्यातून का करू नये, हे आता ते वडिलांना समजावून सांगू शकते. पेढी आणि बँक, दोन्ही ठिकाणी शेवटी एकाच गोष्टीवर व्यवहार चालतो आणि तिला जुन्या व्यापाऱ्यांनी नेमका शब्द दिला आहे : पत. ती वीस मिनिटांत तयार करता येत नाही. वीस मिनिटांत फक्त दाखवता येते, आणि तीही आधीपासून असेल तरच.